पिकऑफ आणि बॉक: आधी पाय पाहा, हात नंतर

नागपुरात बेसबॉल खेळायला येणारी बहुतेक मुले क्रिकेटमधून किंवा सॉफ्टबॉलमधून येतात. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नसतो आणि सोडला तर तो बाद होतो, त्यामुळे रनरला बेसवर जखडून ठेवण्याची वेगळी कामगिरी पिचरवर कधी पडतच नाही. बेसबॉलमध्ये मात्र रनर तीन-चार मीटर पुढे सरकून उभा राहतो, पुढच्या बेसकडे धाव घेण्याची संधी शोधत असतो आणि त्याला मागे ढकलण्याची पहिली जबाबदारी पिचरची असते; त्यासाठी पिचरने त्या बेसवर चेंडू फेकून रनरला बाद करण्याचा प्रयत्न करणे म्हणजे पिकऑफ. सॉफ्टबॉलमध्ये चांगला तयार झालेला पिचर पहिल्यांदा बेसबॉलच्या माउंडवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, उभा राहतो, पहिल्या बेसवरच्या रनरकडे पाहत खांदा वळवतो, मग विचार बदलून बॅटरकडे चेंडू टाकतो आणि अंपायर त्याच्याकडे बोट दाखवून ‘बॉक’, म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल, पुकारतो. अशा वेळी, "सर, काऊन बॉक दिला? बॉल तर बरोबर टाकला न मी!" हा प्रश्न मी रेशीमबागेपासून मानकापूरपर्यंत अनेकदा ऐकला आहे. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मैदानावर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

नियमावलीतील बॉकच्या कलमात तेरा पोटकलमे आहेत. ती पाठ करून घेण्याची पद्धत मी फार पूर्वी सोडून दिली, कारण पाठ केलेला खेळाडूही माउंडवर गोंधळतो. त्याऐवजी प्रत्येक हालचालीच्या वेळी दोन प्रश्न विचारावेत. पिचरचा पाय कुठे आहे, आणि त्या पायाने आतापर्यंत रनरला काय सांगितले आहे? तेरा पोटकलमांपैकी बहुतेकांचा उगम या दोन प्रश्नांत सापडतो.

नियम कशासाठी आहे

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने 1845 साली लिहून काढलेल्या नियमांतही पिचरकडून बॉक झाल्यास रनरला एक बेस घेताना बाद करता येणार नाही, असे वाक्य होते. म्हणजे हा नियम अलीकडे कोणी बसून रचलेली गुंतागुंत नसून खेळाइतकाच जुना आहे. पिचरने रनरला जाणूनबुजून फसवू नये, हा त्यामागचा हेतू आहे. अंपायरच्या मनात शंका असेल तर पिचरचा उद्देश पाहून निर्णय द्यावा, असे आजच्या नियमावलीच्या टिप्पणीतही स्पष्ट म्हटले आहे.

फसवणूक आणि चतुराई यांतली सीमारेषा मात्र नीट समजून घ्यावी लागते. पिचरने रनरकडे टक लावून पाहणे, एकदा दोन सेकंद तर पुढच्या वेळी पाच सेकंद थांबणे, सलग दोनदा पहिल्या बेसवर फेकून तिसऱ्यांदा बॅटरकडे टाकणे, ही सारी चतुराई आहे आणि ती पूर्णपणे वैध आहे. शरीराने ‘मी आता पिच करतो’ असे सांगून पिच न करणे, किंवा ‘मी पहिल्या बेसवर फेकतो’ असे सांगून न फेकणे, हा बॉक आहे.

आपल्या वाचकांना हे क्रिकेटच्या आधाराने लवकर उमगते. नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद करण्याचा विषय 1947 साली विनू मांकड यांनी सिडनीत बिल ब्राऊन यांना बाद केल्यापासून आपल्याकडे चर्चेत आहे. चेंडू नेहमीप्रमाणे सुटण्याचा क्षण एकदा उलटून गेला की गोलंदाजाला मागे वळून त्या फलंदाजाला बाद करता येत नाही, हा त्या नियमाचा गाभा आहे. खो-खो खेळणाऱ्यांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. खो मिळाल्यावर आक्रमकाने एकदा दिशा घेतली की त्याला उलट फिरता येत नाही, आणि त्याची दिशा पंच त्याच्या पावलांवरून व खांद्यांवरून ठरवतात. बॉकचा अंपायरही हेच करतो.

पहिली पायरी: रबर आणि दोन पाय

माउंडच्या मध्यावर बसवलेली पांढरी पट्टी, जिला आपण रबर म्हणतो, ती 61 सेंटीमीटर लांब आणि सुमारे 15 सेंटीमीटर रुंद असते. तिच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या (बॅटर जिच्याजवळ उभा राहतो त्या पट्टीच्या) मागच्या टोकापर्यंतचे अंतर 18.44 मीटर असते, आणि दोन बेसमधले अंतर 27.43 मीटर असते. व्यावसायिक मैदानावर माउंडची उंची 25.4 सेंटीमीटर असते. आपल्याकडच्या पुष्कळ शालेय मैदानांवर माउंड नसतोच, सपाट जमिनीवर पट्टी ठोकलेली असते, परंतु बॉकच्या नियमाला माउंडची नव्हे तर पट्टीची गरज असते. त्यामुळे पट्टी नसलेल्या मैदानावर पिकऑफचा सराव करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रबर नसेल तर त्याच मापाची लाकडी फळी जमिनीलगत पुरावी, पण मुलाच्या पायाला कडेचा स्पर्श कळलाच पाहिजे.

ज्या हाताने पिचर फेकतो त्याच बाजूच्या पायाला पिव्होट पाय म्हणतात. उजव्या हाताच्या पिचरचा उजवा पाय हा पिव्होट पाय, आणि डावा पाय मोकळा पाय होय. पिव्होट पाय रबरला लागलेला आहे तोवर तो खेळाडू पिचर असतो आणि त्याच्यावर सारी बंधने लागू असतात. तो पाय नियमानुसार रबरच्या मागे गेला की तो इतर फील्डरांसारखाच एक इनफील्डर होतो.

रबरवर असताना पिचरसमोर तीनच वैध मार्ग असतात. तो बॅटरकडे पिच करू शकतो, एखाद्या बेसच्या दिशेने पाऊल टाकून तेथे फेकू शकतो, किंवा पिव्होट पाय मागे घेऊन रबर सोडू शकतो. यांपैकी एक मार्ग सुरू करून मध्येच दुसऱ्यावर वळणे हेच बॉकचे मूळ आहे.

दुसरी पायरी: रबर सोडायला शिका

प्रशिक्षक पिकऑफ शिकवताना थेट फेकीपासून सुरुवात करतात. मला ही चूक वाटते. मुलाला सर्वांत आधी रबर नीट सोडता आले पाहिजे, कारण संकटाच्या वेळी तोच त्याचा आसरा असतो. बॅटर तयार नाही, कॅचरची खूण कळली नाही, डोळ्यांत घाम गेला, रनर अचानक धावत सुटला, अशा प्रत्येक प्रसंगी पिव्होट पाय मागे टाकणे हे एकच उत्तर असते.

कृती अशी आहे. पिव्होट पाय आधी उचलावा आणि रबरच्या मागे, म्हणजे दुसऱ्या बेसच्या बाजूला टेकवावा. मोकळा पाय आधी हलवू नये, आणि पिव्होट पाय पुढे किंवा बाजूला टाकू नये. पाय मागे टेकल्यानंतरच हात वेगळे करून खाली सोडावेत. नवशिके घाईने आधी हात वेगळे करतात आणि मग पाय मागे घेतात. सेट स्थितीत, म्हणजे दोन्ही हातांत चेंडू धरून थांबलेल्या स्थितीत, आल्यानंतर पिच किंवा फेक यांखेरीज अन्य कारणाने एक हात चेंडूवरून काढणे हा स्वतंत्र बॉक आहे, त्यामुळे पाय निर्दोष असूनही तो मुलगा हाताने अडकतो.

रबर सोडल्यावर पिचर कोणत्याही बेसकडे फेकू शकतो, फेकण्याचा नुसता आविर्भाव करू शकतो किंवा काहीच न करता उभा राहू शकतो. या सवलतीची किंमतही आहे, आणि ती फार थोड्या खेळाडूंना माहीत असते. रबरवर पाय असताना पिकऑफसाठी फेकलेला चेंडू सुटून मैदानाबाहेर गेला तर रनरला एक बेस मिळतो. रबर सोडून फेकलेला चेंडू तसाच बाहेर गेला तर ती फील्डरची फेक मानली जाते आणि रनरला दोन बेस मिळतात. ज्या मैदानात पहिल्या बेसच्या मागे लगेच कुंपण, चुन्याची हद्द किंवा खेळाडूंची बाके आहेत तेथे हा फरक सामना फिरवू शकतो.

तिसरी पायरी: सेट आणि तो एक थांबा

बेसवर रनर असताना पिचर सहसा सेट स्थितीतून पिच करतो. पिव्होट पाय रबरला लागून आडवा, मोकळा पाय पुढे, दोन्ही हातांत चेंडू शरीरासमोर, आणि तेथे पूर्ण थांबा. हा थांबा न घेता पिच केल्यास बॉक होतो. बेस रिकामे असताना हा थांबा सक्तीचा नसतो, म्हणून केवळ मोकळ्या बेससमोर सराव करणाऱ्या मुलांच्या अंगवळणी तो पडत नाही आणि पहिला रनर बेसवर येताच ती मुले सापडतात.

‘पूर्ण थांबा’ म्हणजे किती, याचे उत्तर सेकंदांत नाही. हात खाली येऊन स्थिर झाले, त्यांची दिशा संपली, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळले पाहिजे. या एका शब्दाने केवढा गोंधळ होऊ शकतो याचा अनुभव अमेरिकेतील मेजर लीगने 1988 साली घेतला. त्या वर्षी थांबा स्पष्ट दिसला पाहिजे अशी शब्दरचना करून अंपायरांना ती कडकपणे लावायला सांगण्यात आली. 1987 मध्ये 356 बॉक झाले होते, तर 1988 मध्ये 924 झाले. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्ट यांच्या नावावर त्या एका हंगामात 16 बॉक लागले, आणि तो विक्रम आजही कायम आहे. पुढच्या वर्षी ते शब्द काढून टाकण्यात आले. दुसरे उदाहरण 27 सप्टेंबर 2022 चे आहे. मायामीचे रिचर्ड ब्लायर यांनी तोवर मेजर लीगमध्ये एकही बॉक केला नव्हता, पण त्या दिवशी एकाच बॅटरसमोर त्यांच्यावर तीन बॉक लागले आणि पहिल्या बेसवरचा रनर कोणी चेंडू न मारता होम प्लेटवर पोहोचला. प्रत्येक वेळी आक्षेप थांब्यावरच होता. असे निर्णय योग्य होते की अतिकडक, यावर वाद घालता येईल, परंतु खेळाडूने त्या वादावर विसंबून राहू नये आणि शंकाच उरणार नाही इतका थांबा घ्यावा.

सरावात मी एक साधी गोष्ट करून घेतो. पिचरने हात खाली आणले की मनात ‘एक’ म्हणावे, आणि तो शब्द पूर्ण झाल्याशिवाय गुडघा हलवू नये. पुढे ‘एक’, ‘एक-दोन’, ‘एक-दोन-तीन’ असा बदल करत राहावे, म्हणजे थांबाही पक्का होतो आणि रनरला ठरावीक लय सापडत नाही.

थांब्याच्या काळात डोके वळवून रनरकडे पाहायला हरकत नाही. गुडघा वाकवणे, पुढचा खांदा झटकणे, हात पुन्हा वर नेणे या हालचाली मात्र पिचची सुरुवात म्हणून वाचल्या जातात. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचे नेमके हेच झाले होते. त्याने चेंडू बरोबर टाकला, पण त्याआधी खांद्याने वेगळेच काही सांगितले होते.

चौथी पायरी: पहिल्या बेसवरचा पिकऑफ

पहिल्या बेसकडे, आणि तिसऱ्या बेसकडेही, रबरवरून नुसता आविर्भाव करता येत नाही. पाऊल टाकले की फेकलेच पाहिजे. शिवाय पाऊल फेकीच्या आधी पडले पाहिजे, आणि ते थेट त्या बेसच्या दिशेने पडले पाहिजे. येथून पुढची कृती पिचर कोणत्या हाताचा आहे यावर अवलंबून आहे, आणि दोघांच्या अडचणी अगदी वेगळ्या आहेत.

उजव्या हाताच्या पिचरची पाठ पहिल्या बेसकडे झुकलेली असते, त्यामुळे त्याला वळावे लागते. रबर मागे सोडून फेकणे हा त्याचा सर्वांत सुरक्षित पण सर्वांत हळू मार्ग आहे. दुसऱ्या पद्धतीत उजवा पाय जागच्या जागी झटकन वळवून डावा पाय पहिल्या बेसकडे टाकायचा आणि त्याच ओघात फेकायचे. तिसरी उडी मारून वळण्याची पद्धत आहे. दोन्ही पाय किंचित उचलून हवेतच शरीर वळते आणि उतरताना डावे पाऊल पहिल्या बेसकडे पडते. या शेवटच्या दोन्ही पद्धती वैध आहेत, परंतु त्यांत रबर मागे सोडलेले नसल्याने फेक पूर्ण करणे सक्तीचे असते. पंजावर नुसते गिरकी घेऊन, डावे पाऊल बेसकडे प्रत्यक्ष न सरकवता हाताने फेकले तर बॉक होतो. माझ्या पाहण्यातील उजव्या पिचरांच्या चुकांत ही सर्वांत जास्त आढळते. लक्ष्य म्हणून फर्स्ट बेसमनच्या ग्लोव्हची गुडघ्याइतकी उंची आणि दुसऱ्या बेसकडची बाजू ठरवून द्यावी, म्हणजे चेंडू झेलताच ग्लोव्ह परतणाऱ्या रनरच्या अंगावर येतो.

डावखुरा पिचर सेटमध्ये उभा राहतो तेव्हा त्याचे तोंड पहिल्या बेसकडेच असते. तो उजवा पाय उचलतो तेव्हा तो पिच करणार की पहिल्या बेसवर फेकणार हे रनरला शेवटपर्यंत कळत नाही, आणि डावखुऱ्याची खरी ताकद याच क्षणात असते. मेजर लीगमध्ये अँडी पेटिट यांची ही चाल विशेष गाजली. डावखुऱ्याने दोन मर्यादा सांभाळाव्यात. पहिली, उचललेला उजवा पाय रबरच्या मागच्या कडेपलीकडे झुलला तर त्याला बॅटरकडे पिच करावेच लागते, अपवाद फक्त दुसऱ्या बेसवरच्या पिकऑफचा. दुसरी, पहिल्या बेसकडे फेकताना पाऊल होम प्लेटकडे न पडता पहिल्या बेसकडे पडले पाहिजे. अंपायर यासाठी होम प्लेट आणि पहिला बेस यांच्या मधोमध जाणारी 45 अंशांची काल्पनिक रेषा वापरतात. नियमावलीच्या मजकुरात ही रेषा लिहिलेली नाही, पण निर्णयाची सोय म्हणून ती सर्वत्र रूढ झाली आहे. पाऊल रेषेच्या पहिल्या बेसकडच्या बाजूला पडले तर फेक वैध, होमकडच्या बाजूला पडले तर बॉक.

सराव करताना ही रेषा कल्पनेत ठेवू नये. रबरपासून चुन्याने ती जमिनीवर आखावी आणि रबरच्या मागच्या कडेची रेषाही दोन्ही बाजूंना वाढवावी. नागपूरच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाऊल घसरते, म्हणून आधी रबरभोवतीची माती भिजवून दाबून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा हा सराव सकाळी सातच्या आत उरकावा, कारण थकलेला पाय सर्वांत आधी दिशा चुकवतो. प्रत्येक फेकीनंतर चुन्यावर उमटलेला पायाचा ठसा मुलाने स्वतः पाहावा. दहा वेळा तोंडी सांगून जे उमजत नाही ते एका ठशातून उमजते.

आणखी एक खाचखळगा आहे. फर्स्ट बेसमन बेसपासून बराच पुढे किंवा मागे उभा असेल आणि तो रनरला बाद करण्याच्या प्रयत्नात नाही हे उघड असेल, तर रबरवरून त्याच्याकडे फेकणे हा बॉक ठरतो. म्हणून पिचरने फेकण्यापूर्वी आपला साथीदार बेसवर आहे याची खात्री करावी, आणि नसेल तर रबर मागे सोडावे.

पाचवी पायरी: दुसरा आणि तिसरा बेस

दुसऱ्या बेसबाबत नियम सैल आहे. तेथे पाऊल टाकून फेकण्याचा आविर्भाव करता येतो आणि फेक न करता थांबता येते. उजव्या पिचरने डावा गुडघा पिचसारखा उचलून तसेच आतल्या बाजूने वळत दुसऱ्या बेसकडे पाऊल टाकणे ही प्रचलित चाल आहे. गुडघा वर जाऊन थांबू नये आणि वळण एका ओघात व्हावे, एवढे पाळावे. येथे खरे कौशल्य शॉर्टस्टॉपचे, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या फील्डरचे, असते. तो रनरच्या मागून बेसकडे सरकतो, आणि त्याच्या व रनरच्या मध्ये मोकळी जागा दिसली की पिचर वळून फेकतो. हे संगनमत सरावात बसवल्याशिवाय सामन्यात वापरू नये, अन्यथा चेंडू सेंटर फील्डला जातो आणि रनर तिसऱ्या बेसवर.

तिसऱ्या बेसकडे आविर्भाव करून झटकन वळून पहिल्या बेसवर फेकण्याची जुनी चाल 2013 पासून मेजर लीगमध्ये बॉक ठरली आहे. जुन्या पिढीतील प्रशिक्षक ती अजूनही शिकवतात, त्यांनी ती आता सोडावी.

रिकाम्या बेसकडे फेकणे किंवा फेकण्याचा आविर्भाव करणे हाही बॉक आहे, मात्र तेथे खरोखर कोणाला बाद करायचे असेल तर तो नाही. पहिल्या बेसवरचा रनर दुसऱ्याकडे धावत सुटला असेल तर पिचरने रबरवरूनच पाऊल टाकून रिकाम्या दुसऱ्या बेसवर फेकणे वैध आहे, कारण तेथे प्रत्यक्ष डाव चालू आहे.

उरलेले बॉक

रबरवर असताना चेंडू हातातून पडला तर बेसवर रनर असल्यास बॉक होतो. मात्र तो घरंगळत फाउल रेषा ओलांडून गेला तर तो पिच मानून बॉल, म्हणजे बॅटरला मारण्याजोगा नसलेला पिच, मोजला जातो. बॅटर सावरण्यापूर्वी घाईने टाकलेला चेंडू, बॅटरकडे तोंड न करता टाकलेला चेंडू आणि उगाच केलेला विलंब हेही बॉकच्या यादीत आहेत. लपवलेल्या चेंडूचा डाव, म्हणजे चेंडू पिचरकडे आहे असे रनरला भासवण्याचा डाव, खेळताना चेंडू फर्स्ट बेसमनकडे असेल आणि पिचर रबरवर किंवा रबरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला, तर बॉक होतो. म्हणून हा डाव आखणाऱ्या संघाने पिचरला माउंडच्या कडेवर बूट साफ करत उभे राहायला सांगावे.

बेसवर रनर नसताना बॉक होत नाही, हे वेगळे लक्षात ठेवावे.

शिक्षा कशी लावायची

या भागात अंपायरही चुकतात, आणि मीही चुकलो आहे. शिक्षा थोडक्यात अशी आहे की प्रत्येक रनरला एक बेस मिळतो आणि बॅटर बॉल-स्ट्राइकच्या त्याच मोजणीवर पुन्हा खेळतो. पण बॉक पुकारताच चेंडू मृत होत नाही. त्या बॉकनंतरही पिच किंवा फेक झाली तर खेळ संपेपर्यंत थांबावे लागते. बॅटर हिटने, फील्डरच्या चुकीने, वॉकने (चार बॉल झाल्यावर मिळणाऱ्या बेसने), अंगाला चेंडू लागून किंवा अन्य प्रकारे पहिल्या बेसवर पोहोचला आणि इतर सर्व रनरही किमान एक बेस पुढे गेले, तर बॉक विसरून खेळ तसाच मान्य करायचा. या दोन अटींपैकी एक जरी अपूर्ण राहिली तर बॉकची शिक्षा लावायची.

पहिल्या बेसवर रनर आहे. पिचर न थांबता टाकतो, बॅटर एकेरी हिट मारतो आणि रनर तिसऱ्यावर पोहोचतो. दोन्ही अटी पूर्ण झाल्या, म्हणून खेळ मान्य. त्याच स्थितीत बॅटरने चेंडू हवेत मारला आणि झेल घेतला गेला, तर बाद रद्द होतो, रनर दुसऱ्यावर जातो आणि बॅटर पुन्हा खेळतो.

आता अवघड स्थिती पाहू. रनर फक्त दुसऱ्या बेसवर आहे, मोजणी तीन बॉलची आहे, पिचर बॉक करून चौथा बॉल टाकतो. बॅटर वॉकवर पहिल्या बेसवर जाऊ पाहतो, पण पहिला बेस रिकामा असल्याने दुसऱ्यावरच्या रनरला पुढे सरकावे लागत नाही आणि तो तेथेच राहतो. ‘इतर सर्व रनर पुढे गेले’ ही अट पूर्ण झाली नाही. म्हणून रनरला तिसरा बेस द्यायचा, तो चौथा बॉल रद्द करायचा आणि बॅटरला परत बोलवायचे. एका शालेय सामन्यात मी येथे बॅटरला पहिला बेस दिला आणि रनरला दुसऱ्यावरच ठेवले. कोणी हरकत घेतली नाही, पण घरी येऊन नियमावली उघडल्यावर चूक कळली आणि त्या रात्री झोप लागली नाही. त्या पिचरच्या संघाला हक्काची एक संधी आणि रनरला हक्काचा एक बेस, दोन्ही मी नाकारले होते.

बॉकसह फेक सुटून गेली तर रनर मिळालेल्या बेसपुढेही स्वतःच्या जोखमीवर धावू शकतो, आणि पुढे तो बाद झाला तर बादच. अंपायरने घाईने ‘टाइम’ पुकारून ही संधी हिरावून घेऊ नये.

कधी कधी बॉक मुद्दामही केला जातो. 14 जून 2019 रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सचे केनली जॅन्सन यांनी शेवटच्या डावात दोन बाद असताना दुसऱ्या बेसवरच्या रनरला बॉक करून तिसऱ्यावर पाठवले, कारण संघ दोन धावांनी पुढे होता आणि दुसऱ्या बेसवरून कॅचरच्या खुणा दिसण्याची भीती होती. पुढचा बॅटर स्ट्राइकआउट झाला आणि सामना संपला.

फेकींची मर्यादा

मेजर लीगने 2023 पासून पिचरवर आणखी एक बंधन घातले. एका बॅटरच्या खेळीत पिचर दोनदाच पिकऑफ फेकू शकतो किंवा रबर सोडू शकतो. तिसऱ्यांदा त्याने तसे केले आणि रनर बाद झाला नाही, तर बॉक. रनर पुढच्या बेसवर गेला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. याच वर्षी पिचसाठी घड्याळ आले आणि बेसची बाजू 38 सेंटीमीटरवरून सुमारे 46 सेंटीमीटर झाली. 2022 मध्ये 2,486 बेस चोरले गेले, म्हणजे रनरांनी हिटशिवाय धावून मिळवले होते, 2023 मध्ये 3,503. पिकऑफची भीती कमी झाली की रनर किती मोकळा होतो, हे या दोन आकड्यांत दिसते. आपल्या स्पर्धेत ही मर्यादा लागू आहे की नाही हे आयोजकांना सामन्याआधी विचारून घ्यावे आणि उत्तर दोन्ही कर्णधारांसमोर ऐकावे.

दोन अंपायर असतील तर

कामाची वाटणी आधीच करावी. होम प्लेटमागच्या अंपायरने पिचरच्या हातांचा थांबा, पुढचा गुडघा आणि मोकळ्या पावलाची दिशा पाहावी. मैदानातल्या अंपायरने पिव्होट पाय, रबरची मागची कड आणि त्यापलीकडे जाणारा मोकळा पाय पाहावा. दोघांनीही चेंडूचा पाठलाग करण्याचा मोह आवरावा, कारण पिकऑफमध्ये चेंडू सुटेपर्यंत बॉकचा निर्णय पायाने देऊन टाकलेला असतो. बॉक दिसताच पिचरकडे बोट दाखवून मोठ्याने पुकारावे, खेळ संपू द्यावा, मग दोन्ही हात वर करून ‘टाइम’ म्हणावे आणि रनरांना बोटाने बेस दाखवावेत. कारण विचारले तर एका वाक्यात सांगावे: "थांबा नव्हता", "पाऊल होमकडे पडले", "मोकळा पाय आधी हलला". यापेक्षा लांब स्पष्टीकरण सामना संपल्यावर, मुलाला रबरजवळ नेऊन, त्याच्याच पायाने करून दाखवावे.